बाटलीतले जीवाणू आणि बांधावरचं गवत

नाशिकचं द्राक्ष युरोपला जायचं असेल तर आधी प्लॉटची नोंदणी होते. माल काढणीला आला की नमुना उचलतात, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत शेकडो कीडनाशकांच्या अंशांसाठी तो तपासतात, आणि अहवाल पास झाला तरच कंटेनर भरला जातो. अपेडा या केंद्राच्या शेतमाल-निर्यात संस्थेची ही ग्रेपनेट पद्धत सुरू होऊन वीस वर्षं होत आली. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले म्हणून युरोपात माल अडकला आणि बागायतदारांना जबर फटका बसला. पुढे ते रसायनही तपासणीच्या यादीत आलं आणि कुठलं औषध काढणीच्या किती दिवस आधी बंद करायचं, हे निफाड-दिंडोरीतल्या कॉलेजच्या पोरांनाही तोंडपाठ झालं. पैशाशी गाठ पडली की आपल्याला तपासणी उत्तम जमते.

आता ज्या मातीत तो वेल बारा-पंधरा वर्षं उभा असतो तिचं काय? तिच्यासाठी मृदा आरोग्य पत्रिका आहे. केंद्र सरकारची ही योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाली. पत्रिकेवर बारा रकाने असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. उपयोगी कागद आहे, मी त्याची टिंगल करणार नाही. पण नाव आरोग्य पत्रिका आणि आत नुसता साठ्याचा हिशेब. त्या मातीत बुरशी आहे का, असली तर उपकारक की मारक, जीवाणू किती जोमाने काम करतात, गांडुळं उरलीत का, यातलं एक अक्षर त्यात नाही. बारा रकान्यांतला जिवंतपणाच्या जरा जवळ जाणारा एकच, सेंद्रिय कर्ब; तोही आत खाद्य किती आहे एवढंच सांगतो, खाणारं कोण आहे ते सांगत नाही.

जिवंतपणाचा रकाना कुणी भरत नाही म्हणून तिथे दुकान उभं राहिलं. पिंपळगाव, ओझर, लासलगाव, कुठल्याही कृषी सेवा केंद्रात जा, एक फळी जीवाणूंची नि उपकारक बुरशींची असतेच. स्फुरद विरघळवणारे पीएसबी, पालाश मोकळं करणारे केएमबी, अॅझोटोबॅक्टर, ट्रायकोडर्मा, स्युडोमोनास, मायकोरायझाचे डबे. एकरी लिटरभर, ड्रिपमधून सोडा, आठ दिवसांत पांढरी मुळी पहा. द्राक्षवाल्याला पांढऱ्या मुळीइतकी प्रिय गोष्ट जगात दुसरी नाही आणि विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं.

माझं म्हणणं असं की मातीतली सूक्ष्मजीवांची विविधता ही खत-औषधासारखी विकत आणून ओतायची निविष्ठा नाही. जमिनीच्या वर जे उगवतं त्याच्या विविधतेतून ती तयार होते आणि त्याच्यावरच टिकते. वर एकच पीक, मधली जागा तणनाशकाने साफ, बांध कोरून वीतभर उरलेला, अशा जागी कितीही बाटल्या ओतल्या तरी ते चूल न पेटवता पंगत बसवण्यासारखं आहे. म्हणून नाशिक जिल्ह्यात मातीच्या नावाने जो सरकारी पैसा येतो, तो बाटल्यांवरून काढून जमिनीवरच्या हिरव्या विविधतेवर लावला पाहिजे. हे रासायनिकवाल्यांना पटणार नाही हे उघड आहे, पण सेंद्रियवाल्यांनाही ते पुरतं पटेल असं नाही.

सुरुवात कांद्यापासून करू, कारण कांद्याचं मूळ पाहणं सोपं आहे. लागणीनंतर महिना-दीड महिन्याचं एखादं रोप ओल्या वाफ्यातून अलगद उपटा आणि पाण्यात हलवून धुवा. गव्हाच्या किंवा बाजरीच्या मुळांचं जाळं आठवा आणि हे पहा. मोजकी, जाडसर, पांढरी दोऱ्यांसारखी मुळं. फाटे फारसे नाहीत, मूळरोम जवळजवळ नाहीतच. आता नाशिकच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत स्फुरद चुन्याशी बांधला जातो आणि जागचा हलत नाही. मुळाला चिकटून असलेल्या एक-दोन मिलिमीटर मातीतला स्फुरद संपला की पुढचा त्याच्याकडे चालत येत नाही. मग एवढ्या तोकड्या मुळांवर कांदा पोसतो कसा?

तो बुरशीला कामाला लावतो. आर्बस्क्युलर मायकोरायझा नावाची ही बुरशी मुळाच्या पेशींत शिरते, आत झाडासारखे बारीक फाटे फोडते आणि तिचे धागे बाहेर मातीत कित्येक सेंटिमीटर पसरतात. ती स्फुरद आणि जस्त आणून देते, पाण्यालाही थोडा हातभार लावते. बदल्यात पानांनी उन्हात तयार केलेली साखर आणि स्निग्ध पदार्थ घेते. जमिनीवरच्या दहातल्या सात-आठ वनस्पतींच्या मुळांत ही देवघेव चालते. स्कॉटलंडमधल्या राइनी गावाजवळ सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचे जीवाश्म सापडले, त्यांच्यातही अशी बुरशी आहे. म्हणजे धड मुळंही फुटली नव्हती तेव्हापासूनचा हा व्यवहार. कांदा या बुरशीवर फारच अवलंबून असलेलं पीक आहे, आणि द्राक्षाचा वेलही तिच्यावर चांगलाच भिस्त ठेवून असतो.

हे डोळ्यांनी पाहता येतं आणि त्याला पुण्या-मुंबईची प्रयोगशाळा लागत नाही. मुळांचे तुकडे कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात गरम करून पारदर्शक करायचे, धुवायचे, मग व्हिनेगरमध्ये फाउंटन पेनची शाई घालून त्यात ते रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे. मुळाच्या आत निळे धागे, निळे गोल फुगे आणि बारीक झुडपं दिसली तर बुरशी कामावर आहे. कोरं मूळ दिसलं तर नाही. जिल्ह्यातल्या ज्या कॉलेजात वनस्पतीशास्त्र आहे तिथे शिक्षकाची देखरेख असली की हे काम एका दुपारचं आहे. कॉस्टिक जपून हाताळायचं, बस.

आता या बुरशीशी आपण कसे वागतो ते पहा. जमिनीत विद्राव्य स्फुरद भरपूर झाला की झाड बुरशीला साखर देणं आखडतं घेतं; फुकट मिळत असेल तर मजुरी कोण देईल? आणि आपण ड्रिपमधून सोडतो काय? बारा-एकसष्ट, झिरो-बावन-चौतीस, ही स्फुरदाने भरलेली विद्राव्य खतं. म्हणजे आधी स्फुरद देऊन बुरशीला घराबाहेर काढायचं आणि पुढच्या आठवड्यात मायकोरायझाचा डबा आणून तिला परत बोलवायचं. एकाच दुकानातून, एकाच बिलावर. त्यात करपा-मर म्हणून बुरशीनाशकाचं ड्रेंचिंगही, म्हणजे मुळाशी ओतणंही, होतं. उरलीसुरली जी असेल ती त्यात जाते. पुढे कांद्यानंतर कोबी-फ्लॉवर घेतला तर ही बुरशी आणखी उपाशी राहते, कारण मोहरीच्या कुळातली पिकं तिला थारा देत नाहीत. कोबी वाईट असं मी म्हणत नाही. त्याच्या आगेमागे तिला जागा देणारं काही असावं, एवढंच.

जुनी माणसं बेवड धरायची, म्हणजे पिकांची फेरपालट करायची, ती यासाठीच, जरी त्यांनी सूक्ष्मदर्शक पाहिला नव्हता. हरभऱ्याचा बेवड, भुईमुगाचा बेवड, तागाचा बेवड. शेंगवर्गीय पिकाच्या मुळावरची गाठ फोडली आणि आत गुलाबी निघाली की नत्राचं काम चालू आहे असं समजायचं. १८८० च्या दशकात जर्मनीत हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी या गाठी हवेतलं नत्र धरतात हे दाखवलं आणि १८८८ मध्ये हॉलंडच्या बायेरिंक यांनी त्यांतला जीवाणू वेगळा काढला. गंमत अशी की सगळ्या कडधान्यांना एकच जीवाणू चालत नाही. हरभऱ्याचा वेगळा, सोयाबीनचा वेगळा. चवळी, मूग, भुईमूग यांचा गट आणखी वेगळा. पीक वर्षानुवर्षं शिवारात आलंच नाही तर त्याचा जीवाणूही हळूहळू विरळ होत जातो. येवला-चांदवडच्या कोरडवाहू रानात एके काळी बाजरीत तूर, मटकी, हुलगा, तीळ असं चार-पाच प्रकारचं बी एकत्र पडायचं. आज खरिपात मका आणि मागून कांदा. पिकांची यादी आखडली तशी मातीतली यादीही आखडली असणार, पण ती आपण कधी लिहूनच ठेवली नव्हती.

वरच्या आणि खालच्या विविधतेचा हा संबंध म्हणजे कविकल्पना नाही. जर्मनीत येना शहराजवळ २००२ पासून एक मोठा प्रयोग चालू आहे. गवताळ रानात एक जातीपासून साठ जातींपर्यंत वेगवेगळी मिश्रणं पेरून वर्षानुवर्षं मोजमाप करतात. जिथे वनस्पतींच्या जाती जास्त तिथे मातीत सूक्ष्मजीवांचा भार जास्त, त्यांची हालचाल जास्त आणि साठलेला कर्बही जास्त, असं तिथे दिसलं. कारण सरळ आहे. प्रत्येक झाड मुळांतून वेगवेगळ्या साखरा, आम्लं, अमिनो आम्लं बाहेर सोडतं. कुणाची मुळं उथळ, कुणाची खोल. कुणाचा पाला लवकर कुजतो, कुणाचा चिवट राहतो. ताटात जितके पदार्थ तितके खाणारे. या प्रयोगातली आणखी एक गोष्ट धोरण आखणाऱ्यांनी भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे. मातीतला हा फरक पहिल्या वर्षी दिसला नाही. तो ठळक व्हायला काही वर्षं गेली. आपल्याकडे योजना मार्चअखेर खर्ची पडते आणि जूनमध्ये तिचं नाव बदलतं.

उलट्या दिशेनेही हे खरं आहे. १९९८ साली स्वित्झर्लंड आणि कॅनडातल्या संशोधकांनी मातीत मायकोरायझाच्या जातींची संख्या वाढवत नेली, तेव्हा वर उगवणाऱ्या वनस्पतींची विविधता आणि एकूण वाढ दोन्ही वाढली. वरचे खालच्यांना पोसतात आणि खालचे वरच्यांना. साखळीतलं कुठलंही टोक तोडलं तरी दुसरं ढिलं पडतं.

शेतकऱ्याला यात रस का असावा? रोगामुळे. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी मातीतल्या सूक्ष्मजीवांची विविधता पायरीपायरीने कमी केली आणि तीत रोगकारक ई. कोलाय जीवाणू सोडला. २०१२ मध्ये त्यांनी छापलेला निष्कर्ष असा की विविधता जितकी कमी, तितका तो घुसखोर जास्त काळ तग धरतो. भरलेल्या मातीत त्याला ना जागा मिळते ना खायला. मर, मूळकूज, सूत्रकृमी यांच्या बाबतीतही हाच मुद्दा उभा राहतो. एकच पीक एकाच जागी वर्षानुवर्षं उभं असलं की त्याच पिकाचे शत्रू साठत जातात. द्राक्षाची जुनी बाग काढून त्याच जागी नवी लावली की ती पूर्वीसारखी जोर का धरत नाही, हा प्रश्न बागायतदारांच्या बैठकीत हटकून निघतो. खुंट, पाणी, क्षार अशी कारणं असतातच. पण पंधरा वर्षं एकाच ताटावर पोसलेली मातीतली मंडळी कोण होती, हेही विचारलं पाहिजे.

बागेत कुदळ मारून पहा, पुस्तक वाचायची गरज पडणार नाही. दोन ओळींच्या मध्ये जिथून औषध फवारणाऱ्या ब्लोअरचा ट्रॅक्टर हंगामभर जा-ये करतो, तिथली चाकोरी. कुदळ ठणकन वाजते, माती चपट्या थरांनी, फरशीचे तुकडे निघावेत तशी निघते. वास नाही, मूळ नाही. मग त्याच शेताच्या कुंपणाला जा, जिथे हरळी, माका, तरवड आणि एखादी बाभूळ आपापली वाढली आहे. तिथली ढेकळं हातात घेतली की भुसभुशीत दाणे होऊन गळतात, त्यांना पहिल्या पावसाचा वास असतो. हा वास ॲक्टिनोमायसिट्स गटातले जीवाणू जे जिओस्मिन तयार करतात त्याचा. दोन्ही जागांची एकेक सुकी ढेकूळ काचेच्या पेल्यात पाण्यात ठेवा. चाकोरीतली काही मिनिटांत विरघळून पाणी गढूळ करते, कुंपणाची आपला आकार धरून राहते. तिला धरून ठेवणारे असतात बुरशीचे धागे आणि जीवाणूंनी सोडलेला डिंकासारखा पदार्थ. मूळ दगड तोच, दख्खनचा बेसॉल्ट. पाऊसही तोच.

पेल्यात झालं तेच शिवारात होतं. ढेकूळ विरघळली की पाणी मुरत नाही, वाहतं. सोबत माती, नत्र आणि स्फुरद घेऊन जातं, आणि शेवटी गोदावरीत. गोदावरीवरचं नांदूर-मध्यमेश्वर २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं, महाराष्ट्रातलं पहिलं. आपण अभिमानाने फलक लावले. तिथे आणि त्याच्या वरच्या पात्रात पाणवेली का फोफावतात याला शहराचं सांडपाणी मोठं कारण आहे, पण वरच्या तालुक्यांतून वाहून आलेलं खतही त्यात आहे. पाणवेली काढायच्या यंत्राला निधी मिळतो. त्या जे खत खाऊन वाढतात ते शेतातच अडवणाऱ्या मातीला मिळत नाही.

आता तांब्याचं. बोर्डो मिश्रण १८८५ च्या सुमारास फ्रान्समध्ये मिलार्देत यांनी द्राक्षाच्या केवडा रोगावर, म्हणजे आपल्या डाऊनीवर, काढलं आणि आजही नाशिकला त्यावाचून पावसाळा निघत नाही. सेंद्रिय शेतीतही ते चालतं. पण तांबं हे मूलद्रव्य आहे, ते कुजत नाही. पानावरून ओघळून मातीत साठतं आणि एका मर्यादेपुढे गांडुळांना नि सूक्ष्मजीवांना बाधतं. युरोपीय संघाने म्हणून सात वर्षांत हेक्टरी २८ किलो तांब्याची मर्यादा घातली आहे. आपल्या आरोग्य पत्रिकेत तांब्याचा रकाना आहे, पण तो विचारतो की तांबं कमी तर नाही ना? द्राक्षबागेच्या जमिनीला हा प्रश्न विचारणं म्हणजे सराफाला चिल्लर आहे का विचारणं. जास्त झालं का, हे विचारणारी सोय त्यात नाही.

सेंद्रिय आणि नैसर्गिक शेतीवाल्या मित्रांचा या ठिकाणी चेहरा खुलला असेल, म्हणून त्यांच्याकडेही वळतो. जीवामृताची कृती सगळ्यांना पाठ आहे: दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची किंवा मोठ्या झाडाखालची मूठभर माती. मला या कृतीतलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं ते शेवटचं. ज्याने ती लिहिली त्याला ठाऊक होतं की जिवंत माती अजून बांधावर आहे. पण शिवाराशिवारांत बांध कोरले जातायत, उरलेल्यावर तणनाशक मारलं जातं, आणि मग ती मूठ कुठून आणायची? पिंपात दोन दिवस शेण-गूळ आंबवून जे वाढतं ते मुख्यतः शेणातलं आणि पिंपातलं. ते शेतात पडल्यावर थोडी चालना मिळते, खाद्य मिळतं, हे मान्य. पण मूठभर माती पिंपात टाकून जो बांध वाचवायचा राहिला, त्याची भरपाई पिंप करत नाही.

सरकारचंही तसंच झालंय. २०२२-२३ मध्ये देशाचं खत अनुदान अडीच लाख कोटींच्या घरात गेलं. त्याला उतारा म्हणून नोव्हेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला मंजुरी मिळाली, २,४८१ कोटींचं. आकड्यांतला फरक बाजूला ठेवू. त्या अभियानातही ठळक गोष्ट कुठली, तर दहा हजार जैव-निविष्ठा केंद्रं. पुन्हा निविष्ठा. गोणीच्या जागी पिंप आलं, विचार तोच राहिला: बाहेरून काहीतरी आणून ओतायचं. आंध्र प्रदेशच्या नैसर्गिक शेती कार्यक्रमाने यापुढे पाऊल टाकलं. पावसाळ्याआधीच कडधान्यं, तृणधान्यं, तेलबिया, भाज्या अशा अनेक पिकांचं मिश्र बी धूळवाफेत पेरायचं, जेणेकरून जमीन वर्षाचा जास्तीत जास्त काळ झाकलेली आणि मुळांनी भरलेली राहील. तिथेही पिंपं आहेतच. पण तिथल्या अधिकाऱ्याला मुळं मोजायची असतात, हे मला महत्त्वाचं वाटतं.

बागायतदाराचा आक्षेप मला ऐकू येतो आणि तो खोटा नाही. बागेत गवत वाढवलं की दमटपणा वाढतो, डाऊनीला आयतं निमंत्रण, फुलकिडे लपतात, ट्रॅक्टर घसरतो, पाण्याला वाटेकरी येतो. एकरी काही लाख रुपये लावून बसलेल्या माणसाला मातीच्या गप्पा सांगणं सोपं असतं. २०२५ मध्ये मे महिन्यात सुरू झालेला पाऊस दिवाळीपर्यंत हटला नाही. उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतर ऊन मिळालं नाही, घडनिर्मिती बिघडली, आणि ज्यांच्या मुळ्या पाण्यात कुजल्या त्यांचं वर्ष गेलं. अशा माणसाने पहिल्यांदा औषधाचा विचार केला तर त्याला दोष देऊ नये.

पण वेळापत्रक नीट पाहिलं तर जागा सापडते. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास. तिच्यापासून काढणीपर्यंत बाग स्वच्छ आणि खेळती ठेवावी, त्यावर माझं काही म्हणणं नाही. जून ते सप्टेंबर मात्र वेलावर घड नसतात आणि पाणी आभाळाचं असतं. त्या चार महिन्यांत चाकोऱ्या सोडून मधल्या पट्ट्यात चवळी, ताग, बाजरी, उडीद, जोडीला एखादं फुलांचं पीक असं मिश्रण पेरावं, गुडघ्याच्या वर जाऊ न देता ग्रास कटरने कापावं आणि छाटणीच्या आधी तिथेच आडवं करून बोदावर, म्हणजे वेलांच्या ओळीतल्या उंचवट्यावर, ओढावं. काही बागायतदार तणनाशक सोडून गवत कापून ठेवायला लागलेच आहेत. त्यांच्या ओळींत पावसानंतर ट्रॅक्टर रुततो कमी, हे शेजाऱ्याला दिसतं. ओल्या वर्षी तर ही मुळं जादा पाणी ओढतात आणि माती सच्छिद्र ठेवतात. नुसत्या तागापेक्षा मिश्रण का, तर ताग एकट्याने नत्र देतो, पण मातीतली मंडळी एकाच ताटावर राहतात.

हे बागायतदाराने स्वतःच्या खिशातून, समाजसेवा म्हणून करावं असं मी म्हणणार नाही. फायदा त्याचा एकट्याचा नाही. खाली राहणाऱ्याचा, नदीचा, शहराला पाणी पुरवणाऱ्याचा आहे. तेव्हा पैसा सार्वजनिक लागेल. पडताळणी कशी करणार, हा सरकारी यंत्रणेचा नेहमीचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर आपल्याकडे तयार आहे. ई-पीक पाहणी राज्यभर २०२१ पासून चालू आहे. शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून फोटोसह पीक सातबाऱ्यावर नोंदवतो. मिश्र पीक नोंदवता येतं, बांधावरची झाडंही नोंदवता येतात. त्यातच आच्छादन पीक आणि जिवंत बांध असे दोन पर्याय घाला आणि सलग पाच वर्षं एकरी मदत द्या. एका वर्षाची मदत देऊ नका, ती वाया जाईल. आरोग्य पत्रिकेत तेराव्या रकान्यासाठी महागडी जनुकीय तपासणी नको. मातीचा श्वास, म्हणजे ओलवलेल्या नमुन्यातून चोवीस तासांत निघणारा कार्बन डायऑक्साइड, मोजणं पुरे आहे. गावात शाळेच्या पोरांनी सुती कापडाचे तुकडे वेगवेगळ्या शेतांत वीतभर खोल पुरावेत आणि दोन महिन्यांनी काढून कोणाचं किती खाल्लं गेलं ते पाहावं. चावडीवर ते टांगले तर कृषी विभागाच्या दहा व्याख्यानांपेक्षा जास्त बोलतील. कुणाचं कापड कोरं राहिलं यावर चर्चा होणारच, ती होऊ द्यावी.

शहराने मात्र गावाला उपदेश करायच्या आधी आपल्याकडे पाहावं. सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडायचा प्रस्ताव २०२५ च्या अखेरीस आला आणि नाशिककर रस्त्यावर उतरले. बदल्यात दुसरीकडे कित्येक पट रोपं लावू, असं सांगण्यात आलं. भांडण झाडांच्या आकड्यावर झालं, आणि त्यात मातीचा विषयच निघाला नाही. दशकानुदशकं ज्या जमिनीवर चिंच, कडुनिंब, जांभूळ, बाभूळ असा वेगवेगळा पाला पडत आला, तिथे बुरशीचं जाळं विणलेलं असतं. त्या झाडाखाली पडलेल्या बीचं रोप उगवतं ते आयत्या जाळ्याला जोडलं जातं. काळ्या पिशवीतून आणलेलं रोप मुरमाच्या खड्ड्यात उभं केलं की ते एकटं असतं. खत-पाणी दिलं तर जगेल, पण ते ज्या सोबतीवर मोठं होतं ती तिथे असेलच असं नाही. काहींना तर तेवढीही सोय नाही. ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक असतं, त्यात स्वतःपुरती शिदोरी नसते. योग्य बुरशी भेटली तरच निसर्गात ते रुजतं. अंजनेरीच्या पठारावरच्या हबेनारिया या ऑर्किडला तुम्ही दुसऱ्या टेकडीवर 'स्थलांतरित' करू म्हणालात तर आधी त्या बुरशीला विचारावं लागेल. झाडाच्या बदल्यात झाड असा हिशेब वखारीत ठीक आहे.

आणि आता बियाण्याचा प्रश्न, कारण सगळ्या योजना तिथेच अडतात. मे महिन्यात निफाडच्या दुकानात बारा-एकसष्ट हवं तेवढं मिळतं. पाच-सहा जातींचं मिश्र बी मागा, दुकानदार तोंडाकडे पाहतो. तागाचं मिळालं तर मिळतं, हुलगा आणि मटकीचं चांगलं बी शोधावं लागतं. ते आहे कुठे? याच जिल्ह्याच्या पश्चिमेला. सुरगाणा, पेठ, त्र्यंबक, इगतपुरीच्या डोंगरउतारांवर नागली, वरई, खुरासणी, उडीद, कुळीथ म्हणजे हुलगा अजून पिकतं, आणि घराघरांत बायका राखेत घोळवून बी राखतात. या तालुक्यांना जिल्हा मागास म्हणून ओळखतो. त्यांच्या बचत गटांना आच्छादन पिकांचं बियाणं तयार करायचं काम रीतसर करारावर, ठरलेल्या भावाने दिलं, उगवणक्षमता तपासून पिशव्या भरून घेतल्या, तर द्राक्षपट्ट्याचा पैसा पहिल्यांदाच डोंगराकडे चढेल. मात्र करार दिवाळीच्या आधी करावा लागेल. खरिपाचं बी तेव्हा खळ्यावर असतं, आणि जानेवारीत विचारायला गेलात तर त्यातलं बरंचसं दळून झालेलं असेल.